कुलरचं खोकं, चार हजारांचे ठोकळे आणि सासूबाई

ओटल्यावरची (इंदूर) | ९ जून, रात्री १०:४५

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी साडेचार वर्षांहून थोडी मोठी, जुलैत पाच पूर्ण होतील. मे महिन्यात आम्ही नवा कुलर घेतला. कुलर खिडकीत गेला आणि त्याचं खोकं हॉलमध्ये राहिलं. तेव्हापासून आजपर्यंत ते खोकं अनुक्रमे घर, एटीएम, आजीचं देवघर, उज्जैनची बस आणि गेले आठ दिवस कचरागाडी झालेलं आहे. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे रोज सकाळी गाणं वाजवत कचरागाडी दारात येते आणि ओला-सुका वेगळा करून दिला नाही तर गाडीवरचा माणूस सगळ्या गल्लीसमोर बोलतो. तर मुलगी खोक्यात बसून ते गाणं म्हणते आणि घरभर ओरडत फिरते, "गीला अलग, सूखा अलग!" परवा तिच्या आजोबांनी कौतुकाने केळ्याचं साल आणि पेपर एकत्र दिला, तर "अंकलजी, ऐसे नहीं चलेगा" म्हणून दोन्ही परत!

याच घरात कपाटाच्या खालच्या खणात एक बोलणारा कुत्रा आहे, अक्षरं शिकवणारा खोटा लॅपटॉप आहे, चार गाणी म्हणणारा फोन आहे. फोन आणि कुत्र्याचे सेल कधीच संपले. कोणी विचारलंसुद्धा नाही.

प्रश्न दोन आहेत. एक, सासूबाईंना ते खोकं आता घरात नको आहे. "नंबर वन शहरात राहायचं आणि हॉलमध्ये रद्दी ठेवायची" असं त्या रोज म्हणतात. त्यांचंही खोटं नाही, झाडू त्याच मारतात. दोन, पुण्याच्या नणंदबाई वाढदिवसाला काहीतरी 'ओपन-एंडेड', म्हणजे हवं तसं खेळता येईल असं, देऊ म्हणतात. त्यांनी पाठवलेला लाकडी संच ४,२०० रुपयांचा आहे. कमानी, ठोकळे, बिनचेहऱ्याच्या बाहुल्या. एवढं घालण्यासारखं त्यात खरंच काही असतं का?

हिशोबी (पुणे) | ९ जून, रात्री ११:१०

बिनचेहऱ्याच्या बाहुल्या, आणि भाव चेहऱ्यासकट. खोकं फुकट आलंय आणि मेपासून चालतंय. चालत्या यंत्राला हात लावू नका.

बालवाडीताई (इंदूर) | १० जून, सकाळी ६:५०

मी ३१ वर्षं बालवाडी चालवली, त्यामुळे थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

ओपन-एंडेड हा शब्द आमच्या वेळी नव्हता. आम्ही त्याला 'बिनकामाचं सामान' म्हणायचो. म्हणजे ज्या वस्तूला स्वतःचं असं एकच काम नाही, ते सामान. खेळातल्या फोनला काम आहे, तो फोनच व्हायचा. काडेपेटीला ते नाही. एका टोपलीत चिंचोके, एकीत नारळाच्या करवंट्या, बाटल्यांची झाकणं, दोऱ्याची रिकामी रिळं, दोन-तीन हात लांबीच्या दोऱ्या, आणि सगळ्यांत जास्त वापरली जाणारी गोष्ट म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी. साडीचं काय काय झालं हे मी सांगत बसले तर धागा संपेल. नदी, तंबू, आजारी माणसाचं पांघरूण, लग्नातला अंतरपाट. एका मुलाने ती कमरेला बांधून दुसऱ्याला ओढत नेलं आणि म्हणाला, "ही क्रेन आहे, गाडी बंद पडली." रिळं आता मिळत नाहीत हे मात्र खरं.

यात नवीन काही नाही. जर्मनीत फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ साली ब्लँकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली तेव्हा त्याची खेळणी अशीच साधी होती. लोकरीचे चेंडू, लाकडी गोळा, घन, चिती, आणि पुढे आठ छोट्या घनांचा मिळून झालेला एक मोठा घन. पण गंमत अशी की त्या ठोकळ्यांशी कसं खेळायचं हे बाईंनी पायरीपायरीने दाखवायचं असे. म्हणजे सामान मोकळं आणि खेळ बांधलेला. आजही पुष्कळ महागड्या शाळांत मी हेच बघते. लाकूड तेच, पण बाई शेजारी बसून "आता पूल करूया" म्हणतात.

१९७१ साली सायमन निकल्सन नावाच्या ब्रिटिश शिल्पकाराने एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं, एखाद्या जागी नवीन काही सुचणं हे तिथे हलवता-बदलता येणाऱ्या गोष्टी किती आणि किती प्रकारच्या आहेत यावर ठरतं. सिमेंटची घसरगुंडी कितीही सुंदर असली तरी मूल तिचं काय बदलणार? वाळूचा ढीग, फळ्या, पाणी दिलं तर बदलेल. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी बोर्डी आणि कोसबाडला हेच फार आधी केलं, आणि सिद्धांत म्हणून नव्हे, गरज म्हणून. आदिवासी पाड्यावर परदेशी साधनं आणणार कुठून? शंख, शिंपले, बिया, पानं, जे अंगणात पडलंय ते.

वयाचं एक सांगते. दोनच्या आसपासच्या मुलाला खोट्या वस्तूत थोडं साम्य लागतं. केळं फोन होऊ शकतं, चेंडू नाही होत. चार-पाचला ते साम्य फारसं लागत नाही. रशियाचे मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात म्हटलंय की काठीचा घोडा होतो, पण पोस्टकार्डाचा होत नाही, कारण घोड्यावर बसतात तसं टांग टाकून बसता आलं पाहिजे. म्हणजे दिसणं सुटतं, पण अंगाने करायची कृती सुटत नाही. तुमच्या खोक्यात बसता येतं, म्हणून ते बस झालं, गाडी झालं, देवघर झालं.

आणि कृपा करून "हे काय केलंस गं?" विचारू नका. निम्म्या वेळा मुलालाच ते ठरलेलं नसतं. आपण विचारलं की आपल्या समाधानासाठी ते काहीतरी नाव ठोकून देतं, आणि मग त्या नावात अडकतं.

प्रमाण_दाखवा (बंगळूर, मूळ ग्वाल्हेर) | १० जून, दुपारी १:२०

ताईंशी भांडण नाही, पण हा विषय निघाला की कोणीतरी "कल्पक खेळाने बुद्धी वाढते, भाषा वाढते, सर्जनशीलता वाढते" असं लिहितंच, म्हणून आधीच सांगतो. २०१३ साली अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी 'सायकॉलॉजिकल बुलेटिन' या नियतकालिकात या विषयावरच्या तोवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. निष्कर्ष असा की खोटंखोटं खेळण्यामुळेच हे सगळं घडतं, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. बऱ्याच अभ्यासांची बांधणी कच्ची होती, खेळवणाऱ्यालाच कोणता गट कोणता हे माहीत असायचं. म्हणजे खेळ निरुपयोगी असं नाही, फक्त खेळण्याच्या डब्यावर 'आयक्यू वाढवा' छापणाऱ्यांना हा आढावा दाखवावा.

बोलणाऱ्या कुत्र्याबद्दल मात्र थोडं बरं काही हाती आहे. २०१६ चा अमेरिकेतला एक छोटा अभ्यास, १० ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांचे आईबाप, २६ जोड्या. घरी रेकॉर्डर लावून खेळवलं. आवाज करणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी, साधी खेळणी आणि पुस्तकं. इलेक्ट्रॉनिक खेळणं हातात असताना आईबाप कमी बोलले आणि बाळाला उत्तरही कमी दिलं. खेळणं बोलतंय म्हटल्यावर माणूस गप्प बसतो, असा माझा अर्थ. पण २६ जोड्या म्हणजे २६ जोड्याच, आणि ही बाळं तुमच्या मुलीपेक्षा बरीच लहान.

तिसरा अभ्यास, २०१८, अमेरिकेतलं टोलिडो विद्यापीठ. ३६ लहानगी, एकदा चार खेळणी समोर, एकदा सोळा. चार असताना एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. यासाठी खरेदी करावी लागत नाही, उलट कपाट बंद करावं लागतं.

बालवाडीताई | १० जून, दुपारी ४:०५

बुद्धी वाढावी म्हणून मी कधी साडी दिली नव्हती हो. पोरं खेळावीत म्हणून दिली होती. तुमचा २०१३ चा आढावा मला पूर्ण मान्य.

तीन_सूत (इंदूर) | १० जून, रात्री ९:३०

ओटल्यावरची ताई, ४,२०० चं काही घेऊ नका. मी हौशी सुतार, दिवसा नोकरी वेगळीच. दोन मुलांसाठी ठोकळे घरी केले, माप देतो.

अमेरिकेत कॅरोलाइन प्रॅट नावाच्या शिक्षिकेने शंभरेक वर्षांपूर्वी जे ठोकळे रूढ केले त्यांची सगळी जादू मापात आहे. जाडी, रुंदी, लांबी हे १:२:४ असतं. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद, एक इंच तीन सूत जाड. (सुताराला १.३७५ म्हणू नका, "एक तीन सूत" म्हणा, लगेच कळेल. माझं नाव तिथूनच.) अर्धा पावणेतीन इंच, दुप्पट अकरा, चौपट बावीस. म्हणजे दोन अर्धे बरोबर एक मूळ, दोन मूळ बरोबर एक दुप्पट. पोराला कोणी न सांगता कळतं की इथे एक कमी पडला तर तिथले दोन लागतील.

माझा संच साठ नगांचा: मूळ ३०, अर्धे १२, दुप्पट १२, चौपट ६. एका रांगेत मांडले तर साडेअडतीस फूट होतात, आणि लाकूड जवळजवळ बरोबर एक घनफूट. रंधा आणि कापणीची नासाडी धरून दीड घनफूट घ्या. आंब्याचं लाकूड चालेल, पण वाळलेलं हवं. ओलं घेतलंत तर उन्हाळ्यात प्रत्येक ठोकळा वेगळा आक्रसेल आणि सगळं माप जाईल.

माझी चूक ऐका. पहिल्या खेपेला मी बावीस इंचाची पट्टी घेऊन मधोमध कापली आणि दोन अकराचे झाले म्हणून खूश झालो. झाले नव्हते. करवतीच्या पात्याची जाडी लाकूड खाते, माझ्या मशीनला जवळपास तीन मिलिमीटर. कापत कापत अर्ध्यापर्यंत आलो तोवर दोन अर्धे मिळून एक मूळ होईना. मोठ्या पोराने मनोरा चार थरांवर नेला की तो डावीकडे झुकायचा. पोरगं म्हणालं, "बाबा, तुमचे ठोकळे खोटं बोलतात." सगळे परत केले. आता टोकाला लाकडी अडसर लावून एकेक नग सुटा कापतो.

सगळ्या कडा गोल मारा, आधी जाड पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०. रंग लावू नका. मेण आणि खायचं तेल चोळलं की पुरे. रंगीतच हवं असेल तर बुधनीला लाखेची लाकडी खेळणी होतात, खरादावर फिरवलेली, तिकडे गेलात तर घ्या. ती सुंदर असतात, पण ती भोवरे-बाहुल्या, ठोकळे नव्हेत.

हिशोबी | १० जून, रात्री ९:५२

आता मलाही पाहिजेत. माझं वय ४१.

राघूची_आई (देवास) | ११ जून, सकाळी ११:१५

वेगळं सांगते, राग मानू नका. या विषयावर सगळे "मुलाला मोकळं सोडा, ते आपोआप खेळेल" असं लिहितात ना, त्यामुळे मी दोन वर्षं स्वतःला दोष देत होते. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता सहाचा. त्याच्यासमोर ठोकळ्यांचा ढीग ओतला की तो एका रांगेत लावतो. रोज तीच रांग, रंगांचा तोच क्रम, तासभर. मी वाट बघायची, आज घर होईल, उद्या होईल. झालं नाही. लोक म्हणायचे तुम्हीच मध्ये पडता म्हणून होत नाही.

मग त्याच्या थेरपिस्टने सांगितलं की त्याच्या रांगेत जाऊन बसा, ती मोडू नका. मी रांगेच्या शेवटी एक ठोकळा ठेवून नुसतं "पीं पीं" म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यानेही म्हटलं. आता ती मालगाडी आहे, देवास ते इंदूर, आणि मधल्या स्टेशनांची नावं घोकून झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. त्याला कोरा कागद भीती घालतो. बंद टोकाचं खेळणं, म्हणजे ज्याचं उत्तर एकच असतं, साचे किंवा जोडचित्रं, ती त्याला शांत करतात. त्या शांतपणातून मग तो मालगाडीपर्यंत येतो.

आणि ती रांगही खेळच होती, हे मला फार उशिरा कळलं.

बालवाडीताई | ११ जून, दुपारी १२:४०

राघूच्या आई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. माझ्या ३१ वर्षांत अशी दोन-तीन मुलं असणार, आणि मी त्यांना "हट्टी" म्हटलं होतं. "पीं पीं" आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

मॉन्टेसरीवाली (नागपूर) | ११ जून, दुपारी ३:१०

छोटीशी दुरुस्ती. लोक लाकडी म्हणजे मॉन्टेसरी, आणि मॉन्टेसरी म्हणजे ओपन-एंडेड असं धरून चालतात. उलट आहे. मॉन्टेसरी साधनाचा हेतू ठरलेला असतो. नळकांड्या भोकांत बसवायच्या, चुकलं तर साधनच चूक दाखवतं. त्यांची आगगाडी केलेली शिक्षकांना चालतेच असं नाही. आणि मुलाने खोटा चहा करण्यापेक्षा खरा पेला धुवावा, हे मॉन्टेसरीबाईंचं मत. भातुकली त्यांना आवडली नसती.

नानासाहेब_रामबाग (इंदूर) | ११ जून, सायंकाळी ७:३०

भातुकली आवडली नसती म्हणजे? पितळी शेगडी, इवलीशी परात, पोळपाट, सगळं हुबेहूब. वरच्या व्याख्येने भातुकली 'बंद' ठरते, प्रत्येक भांड्याला एकच काम. पण माझ्या बहिणींनी त्याच भांड्यांत दवाखाना चालवला, शाळा चालवली, आणि १९६५ च्या लढाईच्या वेळी सैनिकांना जेवण पाठवलं. परातीची ढाल मी स्वतः केली आहे, डोक्यावर टेंगूळ आलं होतं. सामानाकडे बघून खेळ उघडा की बंद हे ठरत नाही, असं माझं मत.

आमच्या माळव्यातली खरी बिनकामाची वस्तू म्हणजे शेण. हसू नका. पितृपक्षात आमच्या गल्लीत मुली भिंतीवर संजा मांडायच्या. शेणाने चांद-सूरज आणि रोजची वेगळी आकृती, वर फुलांच्या पाकळ्या. दुसऱ्या दिवशी ते खरवडायचं आणि नवं घालायचं. शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्याची आकृती, आणि त्याचंही विसर्जन. आमच्या घरी मराठी चालीरीती, पण शेजारच्या मालवी मुलींबरोबर बहिणी संजा मांडायच्या आणि गाणी म्हणायच्या. भावांना हात लावू द्यायच्या नाहीत. एवढं सुंदर केलेलं रोज पुसून टाकायचं, याचं मला तेव्हा भारी वाईट वाटे. त्यांना काही वाटत नसे.

आम्हा मुलांचं वेड झांकीचं, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्याच्या गाडीचं. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या रात्रभर निघतात, ते बघून आलं की पुढचा महिनाभर काडेपेट्या, बुटांची खोकी, साबणाचे कागद यांच्या झांक्या. चाकांना दंतमंजनाच्या डब्यांची झाकणं. गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली, झांक्या मात्र अजून निघतात. ताई, मुलीला यंदा न्या.

औषधवाला (उज्जैन) | १२ जून, सकाळी १०:००

मी दुकानदार, काउंटरवर जे बघतो ते सांगतो. चिंचोके, झाकणं, मणी हे पाच वर्षांच्या मुलीला ठीक. घरात तीनच्या आतलं भावंड किंवा येणारं-जाणारं बाळ असेल तर नाही. अंदाज असा, जी वस्तू सव्वा इंच रुंदीच्या नळीत पूर्ण मावते ती त्याला देऊ नका. आणि कपाटात पडलेला तो बोलणारा कुत्रा आजच उघडून बघा. गोल चपटा बटण-सेल असेल तर काढून टाका. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतो. शंका आली तरी थांबायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात. विकतचं खेळणं घेताना आयएसआय खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. रस्त्यावरच्या ठेल्यावर अजूनही बिनखुणेचं मिळतं.

ओटल्यावरची | १६ जून, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. कुत्रा उघडला. तीन बटण-सेल निघाले, एक गळलेला. हात थरथरले माझे.

आता माझा गाढवपणा. ताईंचा पहिला मोठा प्रतिसाद वाचायच्या आधी, म्हणजे धागा टाकला त्याच रात्री, मी हौसेने खोक्याला सजवलं. नवऱ्याने ऑफिसातून रंगीत प्रिंट आणले होते. पुढे दोन दिवे, बाजूला हिरवी-निळी पेटी, वर मोठ्या अक्षरांत 'कचरा गाडी'. सकाळी मुलगी उठली, आनंदाने ओरडली, फोटो काढले, नणंदबाईंना पाठवले. दहा मिनिटं खेळली. मग दोन दिवस तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणते, "आई, हे दिवे काढ ना." मी म्हटलं का? "मला दवाखाना पाहिजे आणि हे कचरा गाडीच आहे." आम्ही दोघींनी बसून चिकटपट्टी खरवडली. जिथे पुठ्ठ्याचं वरचं पापुद्रं निघालं, तिथे आता दवाखान्याची खिडकी आहे.

अजून एक गोष्ट लक्षात आली. ती कचरागाडीवाली असते तेव्हा हिंदीत बोलते. टीचर झाली की इंग्लिश, ते पण "सिट डाउन, फिंगर ऑन लिप्स" एवढंच, मराठीत समजावून सांगणारी टीचर तिच्या जगात नाही वाटतं. डॉक्टर हिंदी. मराठी फक्त आई आणि आजी झाली की. दोन दिवस ऐकत बसले आणि थोडं पोटात कालवलं. मग काल खोक्यातून आवाज आला, "अहो, जरा सरका ना, मला झेंडू घ्यायचेत." सासूबाई राजवाड्याजवळ फुलं घेताना अगदी असंच बोलतात, फुलवाला हिंदीतच उत्तर देतो तरी.

सासूबाईंशी तह झाला आहे. खोकं रात्री गॅलरीत जाईल, आत जे मांडलेलं असेल ते न मोडता. मोडायचं नाही ही अट मुलीची, गॅलरी ही अट आजीची. नणंदबाईंना ४,२०० चं नको म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या तेच पैसे लाकडाला पाठवते. तीन_सूत दादा, सुतार तुम्ही सुचवाल का?

तीन_सूत | १६ जून, रात्री ११:४१

व्यनि (खाजगी निरोप) बघा. आणि त्याला आधीच सांगा, पात्याची जाडी धरून काप. तो म्हणेल "मालूम है मॅडम." तरी सांगा.

प्रमाण_दाखवा | १७ जून, सकाळी ८:३०

दिवे काढायला लावले हे मला माझ्या तिन्ही संदर्भांपेक्षा आवडलं. नमुना संख्या एक, पण तरी.

हिशोबी | १७ जून, सकाळी ८:४४

तुमच्याकडून हे लेखी मिळालं, जपून ठेवतो.

ओटल्यावरची | २१ सप्टेंबर, रात्री १०:१५

धागा वर आणते, कोणीतरी विचारपूस केली होती म्हणून.

ठोकळे आले. साठातले सत्तावन्न, तीन "लकडी कम पड गई" म्हणून. मनोरा नऊ थरांपर्यंत सरळ उभा राहतो, म्हणजे सुताराने ऐकलं. पण पहिले पंधरा दिवस मुलीने त्यांना हात लावला नाही. मला घाम फुटला, नणंदेला काय सांगू? मग राघूच्या आईंचं आठवलं. संध्याकाळी भाजी निवडून झाल्यावर मी जमिनीवर बसून स्वतःसाठीच एक भिंत रचायला लागले, तिच्याकडे न बघता. ती येऊन शेजारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझी भिंत चुकली, म्हैस कुठून जाणार?" तेव्हापासून त्या ठोकळ्यांत एक म्हैस राहते. म्हैस म्हणजे माझी काळी चप्पल.

खोकं ऑगस्टच्या पावसात गॅलरीत भिजलं. एका बाजूने पार लिबलिबीत झालं, वास यायला लागला. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं तसं मीच मन घट्ट करून ते घडी घालायला घेतलं. मुलगी शाळेत होती, म्हटलं आल्यावर समजावू. तेवढ्यात सासूबाई आतून पदर खोचत आल्या. म्हणाल्या, "खिडकीचा तुकडा ठेव. दवाखान्याची खिडकी आहे ती, तिला लागेल." आणि सुरीने स्वतः तेवढा चौकोन कापून घेतला. उरलेलं खोकं सुक्यात दिलं.

नानासाहेब, झांक्या बघायला नेलं. रात्री दीडपर्यंत जागी होती, बाबांच्या खांद्यावर. सध्या घरात ठोकळ्यांवर बुटाचं खोकं, त्यावर चप्पल-म्हैस, आणि मागे उभा केलेला तो खिडकीचा चौकोन, अशी झांकी रोज संध्याकाळी हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत निघते. सगळ्यांनी उभं राहून बघावं लागतं. आज आजी गॅस बारीक करून आल्या नाहीत म्हणून झांकी परत सुरुवातीपासून काढली.

तीन ठोकळे अजून यायचे आहेत. सुतार फोन उचलत नाही.